थोल: सहा गुणांचा शब्द

२ नोव्हेंबर, रविवार

मंदाचं ठरलं. चौदा डिसेंबरला टेम्पो येणार. देवगडजवळ सासऱ्यांचं घर आहे. नवरा, सुभाष, लग्नानंतर इथंच राहायला आलेला, जूनमध्ये निवृत्त झाला. आता तिथंच. चारकोपची खोली भाड्यानं देतील.

हे तिनं माझ्या स्वयंपाकघरात खाली बसून सांगितलं, मेथी निवडत.

‘गप्प काय झालीस गो? गावाक चाललंय, वर नाय.’

‘सहा आठवडे राहिले.’

‘मोजूक लागलीस?’

मोजतेच आहे. छत्तीस वर्षांचा शेजार, भिंतीला भिंत. त्यातली तेहेतीस वर्षं मी एका बाबतीत तिच्याशी खोटी वागले. ती जायच्या आत सांगायचं. इथं लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

४ नोव्हेंबर

तन्वी फोनवर अक्षरांचा खेळ खेळते. ऑफिसातल्या कुणाशी तरी. जेवताना फोन माझ्यापुढं धरला.

‘आई, टी, एच, ओ, एल, ई. हॉटेल ठेवू?’

‘थोल ठेव.’

‘म्हणजे?’

‘ठेव तर.’

ठेवलं. फोननं लगेच घेतलं. आठ गुण. त्यानं काही विचारलं नाही, अर्थसुद्धा नाही. तन्वी म्हणाली, भारी, आणि वरण मागितलं.

मी या शब्दाचा उच्चार घरात पहिल्यांदा केला. लेक चोवीस वर्षांची झाली तेव्हा.

५ नोव्हेंबर

बाबांनी केलेला खेळ आठवून लिहिते. डबा माळ्यावर आहे, काढला नाही.

बाबा इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फर्निचरच्या वर्कशॉपला होते. दुकानाच्या काचेत हा खेळ पाहिला. खोका बंद होता. वरच्या चित्रावरून घरी केला. प्लायचे उरलेले तुकडे, पॉलिश, त्यावर काळ्या ऑइलपेंटनं अक्षरं. कुठलं अक्षर किती घ्यायचं, ते माझ्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकाचं एक पान मोजून ठरवलं. जे जास्त वेळा आलं त्याला कमी गुण. त्या पानावर एच भरपूर. म्हणून आमच्या एचला दोन. बाजारातल्या खेळात चार, हे मला फार नंतर कळलं.

झेड त्या पानावर एकदाही नव्हता. मी म्हटलं, बाबा, झेड लागतो.

‘त्याले येगळा तुकडा काहून? एन आडवा कर ना.’

तसंच केलं. डब्ल्यूसुद्धा नाही, एम उलटा. एनला एक गुण, म्हणून झेडलाही एक. इंग्रजांच्या खेळात झेडला दहा आहेत हे कळल्यावर मंदा दोन दिवस हसत होती. ‘आमच्या झेडाक कोण इचारता. आडवो पडलेलो एन तो.’

नियम एकच बाबांचा. शब्द ठेवला की अर्थ सांगायचा. एका मराठी शब्दात. वाक्य चालणार नाही. अर्थ नाही तर गुण नाही.

त्यांना स्वतःला इंग्रजी फलकांपुरतं येई. ते बसून फक्त अर्थ ऐकत. बुलढाण्याहून आले तेव्हा ‘एक्झिट’ म्हणजे काय हे एका शिपायानं हसून सांगितलं होतं, तेवढं एकदा बोलले होते.

९ नोव्हेंबर, रविवार

सांगायला गेले होते. मंदा माळ्यावर चढलेली. सुभाष खाली उभा राहून तांब्याची भांडी झेलत होता.

‘उजे, बरी आलीस. ह्यो टोप तुका हवो?’

‘नको. बोलायचं होतं थोडं.’

‘वरसून ऐकू येता माका. बोल.’

सुभाष समोर. बोलले नाही. टोप घेऊन आले. मोठा आहे. त्यात काय शिजवणार आहोत आम्ही दोघी.

११ नोव्हेंबर

तो दिवस. सव्वीस जानेवारी. सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी सोसायटीच्या चौकात स्पर्धा. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, आणि बाबांच्या आग्रहानं त्या वर्षी हा खेळ. खेळणाऱ्या आठजणी, आठजण. शेवटी राहिलो मी आणि मंदा. सतरंजीवर समोरासमोर, भोवती सगळी सोसायटी.

पंच हवा होता. चौकात इंग्रजी खात्रीनं सांगेल असं दुसरं कुणीच नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, उज्ज्वला एम.ए. करते, तीच पंच. मी खेळणारीही आणि पंचही. कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

शेवटचा डाव मंदाचा. मी पाच गुणांनी पुढं. तिनं पाच तुकडे मांडले. टी, एच, ओ, एल, ई. आमच्या हिशेबानं सहा. म्हणजे ती एका गुणानं जिंकणार.

बाबांनी विचारलं, अर्थ?

ती म्हणाली, ‘सोसणं.’

मी खिशातला कोश काढला. टी-एच चाळलं. नव्हता. मी म्हटलं, असा शब्द नाही.

‘हाय. मडच्या मिस म्हणतात.’ मडला एका निवृत्त शिक्षिकेकडं ती रविवारी जायची.

‘मिस म्हणत असतील. इंग्रजीत नाही.’

लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. मंदाचा धाकटा काका म्हणाला, मालवणी इंग्लिश असेल. मग जास्त हसले.

मांडलेला शब्द बदलायचा नाही असा स्पर्धेचा नियम. त्याच पाच अक्षरांत हॉटेल होत होतं, जागा मोकळी होती, गुण तितकेच. मला ते तेव्हाच दिसलं होतं. तिला दिसलं नाही असं मी धरून चालले.

बक्षीस स्टीलचा डबा. त्यात पोहे असतात.

१२ नोव्हेंबर

पुढचं काल लिहिता आलं नाही.

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, ‘नक्की नाई ना तो शब्द?’

‘नक्की.’

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले. मोठा कोश, अनेक खंडांचा, उभं राहून वाचावा लागे असा. टीचा खंड. होता. एका ओळीत नाही, दीड रकान्यात. हजार वर्षांचा शब्द. पहिलाच अर्थ, सोसणे.

खंड बंद केला. माझ्या मागं एक मुलगा त्याच खंडासाठी थांबला होता. त्याला दिला.

घरी आले. मंदा बाहेर कपडे वाळत घालत होती. म्हणाली, ‘लवकर आलीस.’ मी म्हटलं, हो.

एवढंच. वाईट माणसासारखं काही केलं नाही. फक्त सांगितलं नाही. आज नाही तर उद्या सांगू, असं साधारण मार्चपर्यंत वाटत होतं.

मंदाचा टी.वाय.चा इंग्रजीचा पेपर राहिला होता. एप्रिलमध्ये पुन्हा बसणार होती. बसली नाही. इस्टेटमध्ये पॅकिंगला लागली. बावीस वर्षं तिथं. मडला जाणंही सुटलं. खेळ पुन्हा कधी मांडला नाही. बाबांनी दोनदा विचारलं, मग तेही नाही.

मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे.

१५ नोव्हेंबर

कॉलेजातून येताना वहीत उतरवून आणलं.

थोल. क्रियापद. जुनं इंग्रजी. १. सोसणे, वाट्याला आलेलं भोगणे. २. तक्रार न करता सहन करणे. ३. (जुना वापर) होऊ देणे, आड न येणे. आता स्कॉटलंडात आणि इंग्लंडच्या उत्तरेत बोलण्यात शिल्लक. दक्षिणेत गेलं. तिथल्या शिकलेल्या लोकांनी सोडलं, खेड्यांनी ठेवलं.

वल्ह्याच्या खुंटीलाही हेच म्हणतात. तो वेगळा शब्द. नातं नसावं.

मूळ धातू, उचलणे, पेलणे. त्याच धातूची लॅटिनमधली एक शाखा, जिच्यातून ‘टॉलरेट’ आलं. संस्कृतात तुला. म्हणजे आमचं तोलणं, तोल. मंदानं जो शब्द मांडला तो आमच्या दोघींच्या बोलीच्या नात्यातला होता, आणि मी म्हटलं होतं, इंग्रजीत नाही.

तिसरा अर्थ पुन्हा वाचला. होऊ देणे, आड न येणे. तो मला लागू होतो.

१८ नोव्हेंबर

मंदानं भिंतीवर थाप मारली. शेजार झाला त्या वर्षापासूनची खूण, बाहेर ये.

‘गुरुवारी मडला येतेस? मिसचं घर बघून येऊ. मग कोण जातंय.’

येते म्हटलं. तिथं सांगेन.

२० नोव्हेंबर

मालाडहून बस. मंदा खिडकीशी. वाटेत मासे सुकत घातलेले, तिनं खोल श्वास घेतला. ‘गावाचा वास इथंच येतो मुंबईत.’

मिस म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली एक कॅथलिक बाई. एकटी. डोळे गेले होते. मंदा एकोणीस ते बावीस, दर रविवारी जाऊन तिला वाचून दाखवायची. मिसला शिकवणारी नन स्कॉटलंडची होती. मी मिसला कधी पाहिलं नाही. मंदानं बोलावलं होतं दोन-तीनदा. मला अभ्यास होता.

घर सापडलं. आता शूटिंगला देतात. फाटकावर पोलीस ठाण्याची पाटी, कंपाउंडमध्ये खोटी जीप. वॉचमन म्हणाला, ‘शॉट चालू है, साइड में.’ आम्ही साइडला उभ्या राहिलो. एक इन्स्पेक्टर त्याच पायऱ्यांवरून सहा वेळा उतरला.

‘त्या पायरीवर बसायची,’ मंदा म्हणाली. ‘गुडघा धरून. दुखायचा तिचा. विचारलं तर म्हणायची, आय थोल इट.’

तिनं तो शब्द माझ्याकडं न बघता उच्चारला. सहज. जसा कुणी कुणाचं नाव घेतं.

आता सांग, असं मनात म्हटलं. सातव्यांदा इन्स्पेक्टर उतरला. कुणीतरी ओळख असल्यासारखं मंदाकडं बघून हसलं, ती म्हणाली, ‘माका घेतात काय बघ. हवालदार म्हणून.’

मी हसले. परतीच्या बसमध्ये ती झोपली. डोकं माझ्या खांद्यावर.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

ती बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. सुभाष बाजारात. मी दारातूनच बोलले, आत न जाता. जे इथं लिहिलं तेच. पंच मी होते, दुसऱ्या दिवशी शब्द सापडला, बोलले नाही.

तिनं हातातली बरणी पूर्ण गुंडाळली. दोरा बांधला.

‘माका म्हायत आसा.’

मला कळेना.

‘पुढच्या रविवारी मिसकडं गेले ना मी. तिच्याकडं जाडा कोश होता. ती म्हणाली काढ, वाच मला. मी वाचलं. सगळं वाचलं.’

‘मग तू बोलली का नाहीस?’

‘पंच तू होतीस.’

आणखी एक बरणी घेतली.

‘तुला पण सापडणार हे माहीत होतं मला. तू बघितल्याशिवाय झोपणारी नाय. मी बघत होते, कधी सांगतेस. वर्षभर बघितलं. दोन वर्षं. मग माझा थोरला झाला, मग कोण बघतंय.’

मी परीक्षेचं बोलले. माझ्यामुळं राहिली, ते मला किती वर्षं...

तिथं ती थांबली. पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

‘तुझ्यामुळं? मी परीक्षा सोडली ती तुझ्या एका शब्दामुळं, असं वाटतं तुला?’

‘नाही?’

‘काम आवडलं मला. चार माणसं हाताखाली होती पहिल्याच वर्षी. घरात कुणी मला विचारल्याशिवाय काही करत नव्हतं. मी काय रडत बसले होते काय गो तिथं बावीस वर्षं? आणि तू इथं बसून माझी कीव करत होतीस. भिंतीपलीकडं.’

‘तसं नाही मंदे.’

‘तसंच. आणि हॉटेल मला पण दिसलं होतं. हॉटेल सगळ्यांनाच येतं. मी मिसचा शब्द ठेवला. तुला तो माहीत नसणार, मग तू घरी येऊन विचारशील, मंदे, कुठून आणलास, असं वाटलं होतं.’

मग म्हणाली, ‘जा आता. मला बरण्या करूदे.’

२४ नोव्हेंबर

तिच्या घरातून दिवसभर चिकटपट्टीचा आवाज.

२७ नोव्हेंबर

चार वाजता चहाला ती येते. आली नाही. कालही. परवाही. तन्वीनं विचारलं, मावशी कुठाय? म्हटलं, कामात आहे.

भिंतीवर थाप मारायला हात उचलला. नाही मारली.

सांगितलं नसतं तर ती या वेळी इथं बसून सुभाषच्या नावानं बोटं मोडत असती. हे मनात आलं ते लिहून ठेवते.

३० नोव्हेंबर, रविवार

भाजीवाल्याकडं सुभाष भेटला.

‘काय झालं हो तुमचं दोघींचं? भांडी आपटते. मी विचारलं तर म्हणते, तुका इंग्लिश कळणार नाय.’

‘माझी चूक आहे, भाऊजी.’

‘मग मिटवा ना लवकर. मला तिच्याबरोबर गावी राहायचंय. तिथं बाजूला तुम्ही नाही.’

कोथिंबीर माझ्या पिशवीत टाकून गेला.

४ डिसेंबर

डबा माळ्यावरून काढला. तुकडे मोजले नाहीत. पॉलिश टिकलंय. बाबांची अक्षरं एका बाजूला कलतात, आर सगळे पुढं झुकलेले. ई कमी झालेत, तन्वी लहानपणी घेऊन खेळायची. एनपैकी एकाच्या मागं त्यांनी पेन्सिलनं बारीक लिहिलंय, ‘आडवा = झेड’. विसरू नये म्हणून. हे मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी त्या रात्री ‘नक्की?’ असं का विचारलं असेल. मंदाचा चेहरा वाचला असेल की माझा.

६ डिसेंबर

पहाटे चारला चैत्यभूमीसाठी निघाले. रांग लांब असते, म्हणून दर वर्षी आदल्या दिवशी मंदा डबा आणून देते, घावणे आणि चटणी. बाबा होते तेव्हा दोन डबे असत. काल संध्याकाळी वाट पाहिली. नाही.

पहाटे दार उघडलं तर कडीला पिशवी अडकवलेली. डबा. अजून गरम.

तिचा दिवा बंद होता.

रांगेत उभ्या-उभ्या खाल्लं. पुढच्या बाईंना एक घावन दिलं. जालन्याच्या होत्या. म्हणाल्या, हे कुठलं? म्हटलं, देवगडचं.

७ डिसेंबर, रविवार

चार वाजता मंदा आली. चपला काढता काढता म्हणाली, ‘बाबांचा डबा काढ.’

समोरच होता. सतरंजी तिनंच घातली. बाबांनी घरं आखलेली खेळाची फळी कपाटामागून ओढून काढली, ओल्या फडक्यानं पुसली.

‘आज पंच मी.’

‘बरं.’

खेळलो. हात लगेच बसला. तिला अजून येतं, माझ्याहून चांगलं. इस्टेटमध्ये बावीस वर्षं खोक्यांवरची नावं वाचून, असं म्हणाली. एन आडवा करून झेड केला आणि स्वतःच हसली. तन्वी येऊन बघून गेली. झेडला एकच गुण? म्हणाली. मंदा म्हणाली, ‘बाय माझे, ह्यो गरिबांचो झेड.’

अर्धा तास मला वाटलं, झालं, मिटलं.

मग तिनं मांडलं. पी, एल, ओ, आर, ई.

‘अर्थ?’ मी विचारलं.

‘पोटातल्या पोटात रडणं.’

एका शब्दात नव्हतं, पण तेही मी सोडून दिलं. डिप्लोर आहे, इम्प्लोर आहे. नुसतं प्लोर नाही. हे मला झोपेतही कळेल. मी गुण लिहिले.

‘लिहिलेस?’

‘हो.’

‘हाय हा शब्द?’

‘पंच तू आहेस.’

‘मी विचारते तुला. हाय?’

‘असेल.’

‘असेल?’

‘तू म्हणतेस म्हणजे असेल ना, मंदे.’

तिनं पाची तुकडे उचलले. एकेक, घाई न करता.

‘आता बनवला मी. तुला पहिल्यापासून माहीत होतं नाय ते. तुझ्या चेहऱ्यावर दिसलं.’

मी पेन खाली ठेवलं.

‘तेव्हा होता, तो नाय म्हणालीस. आज नाय, तो हाय म्हणतेस. माझ्याशी नीट कधी खेळणार गो तू?’

तुकडे डब्यात टाकले, झाकण लावलं. चहा मात्र पिऊन गेली. दूध जास्त घातलंस म्हणाली.

८ डिसेंबर

वर्गात आज एका मुलीनं निबंधात एक शब्द वापरला होता. मी खाली लाल रेघ मारली, मग थांबले, तिला बोलावून विचारलं, कुठून आणलास? म्हणाली, आजी बोलते. तो शब्द चुकीचाच होता. तसं तिला सांगितलं. ती बरं म्हणून गेली. पाच मिनिटं लागली सगळ्याला.

१४ डिसेंबर, रविवार

टेम्पो साडेसहाला. कपाट बसेना. सुभाष आणि ड्रायव्हर कपाट आत घालत होते, बाहेर काढत होते. मंदा चौकात सगळ्यांना सूचना देत होती, इस्टेटमध्ये देत असेल तशा. खोली रिकामी. भिंतीवर कॅलेंडरची चौकोनी खूण.

‘खेळाचा डबा नेऊ?’ तिनं विचारलं.

‘ने.’

‘फळी नको. जागा नाय.’

डबा पुढच्या सीटवर, तिच्या मांडीवर. मी खिडकीशी गेले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं. त्यातलं काही बोलले नाही. म्हटलं, ‘प्लोर नव्हता.’

‘म्हायत आसा.’

‘मला पण होतं.’

‘तेच तर.’ काच वर केली. मग पुन्हा खाली. ‘घराच्या मागं फणसाखाली गेलं तरच रेंज येते. फोन लागला नाय तर आपटू नको.’

गेली. चौकात तेलाचा डाग राहिला टेम्पोचा. नऊ वाजेपर्यंत मुलांनी त्यावरून सायकली नेऊन पुसट केला.

१७ डिसेंबर

चार वाजले की भिंतीकडं कान जातो. नवे भाडेकरू एक तारखेला. एसी बसवताहेत, भोक पाडायचा आवाज.

तन्वीनं फोनमध्ये तो खेळ घालून दिला. एकटीनं खेळता येतो, समोर यंत्र. शब्द मांडला की लगेच हिरवा किंवा लाल. अर्थ विचारत नाही. दोन डाव खेळून काढून टाकला.

२१ डिसेंबर, रविवार

दुपारी मंदाचा फोटो आला. सारवलेली जमीन, कडेला तिच्या पायाचा अंगठा, आणि बाबांचे सहा तुकडे ओळीत. टी, एच, ओ, एल, ई, आर. आर पुढं झुकलेला.

खाली लिहिलंय, ‘थोलर. सोसणारी. चालतो?’

तन्वीच्या फोनवर मांडून पाहिला. लाल. घरातले दोन्ही कोश पाहिले. थोल आहे, थोलर नाही. असायला हरकत नाही असा शब्द आहे. असायला हरकत नाही हे उत्तर नव्हे.

आधी लिहिलं, नाही. पुसलं. मग लिहिलं, तुझ्यासाठी चालेल गं. तेही पुसलं. चहा थंड झाला.

शेवटी लिहिलं, ‘माझ्याकडच्या दोन कोशांत नाही. मोठा अजून बघितलेला नाही. उद्या लायब्ररीत जाऊन बघते. असेल ते सांगते.’

पाठवून दोन तास झाले. अजून एकच टिक आहे. घरात असेल. फणसाखाली आली नसेल.